फेब्रुवारी पाहून घर घेऊ नका: ॲरिझोनात गोल्फसाठी निवृत्त होताना टाळायच्या चुका

आठवड्यातून दोन दिवस पहाटे मी फिनिक्सच्या पश्चिमेकडच्या एका गोल्फ कोर्सवर मार्शलचे, म्हणजे खेळणाऱ्यांवर देखरेख ठेवण्याचे, काम करतो. पगार नावापुरताच मिळतो, पण त्याबदल्यात खेळ जवळजवळ फुकट होतो. मिशिगनमधली नोकरी संपवून इथे आल्यापासून नऊ वर्षे माझा गोल्फचा खर्च आटोक्यात राहिला आहे, तो प्रामुख्याने या कामामुळेच. या कामाचा दुसरा परिणाम असा, की दरवर्षी नव्याने निवृत्त होऊन आलेली मंडळी माझ्यासमोर त्याच त्या चुका करतात आणि त्या कितीला पडल्या हेही मलाच येऊन सांगतात. न्यू जर्सी, शिकागो, डेट्रॉइट अशा ठिकाणी तीस-तीस वर्षे बर्फ उपसून कंटाळलेली आपली मराठी मंडळीही त्यांत असतात.

खर्चाच्या दृष्टीने ॲरिझोनाची निवड मुळात चुकीची नाही. राज्याचा प्राप्तिकर २०२३ पासून सरसकट २.५ टक्के आहे, सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतनाच्या, रकमेवर राज्य कर घेत नाही, राज्याचा वारसा कर नाही, आणि इथली घरपट्टी पाहून न्यू जर्सीतून आलेल्या माणसाला छपाईची चूक झाली असावी असे वाटते. नुकसान होते ते घाईने.

एका आठवड्याच्या ओळखीवर वाळवंटाशी सोयरीक

फेब्रुवारीत इथे येणाऱ्या माणसाचा मी दोष मानत नाही. दुपारचे तापमान ७० अंश फॅरनहाइटच्या आसपास असते, संत्र्याची झाडे फळांनी लगडलेली असतात, स्कॉट्सडेलला फिनिक्स ओपन ही गोल्फ स्पर्धा नुकतीच झालेली असते, पाठोपाठ बेसबॉलचे सराव सामने सुरू होतात आणि कोर्स पाचूसारखे हिरवे दिसतात. अशा आठवड्यात ज्याला इथे राहावेसे वाटणार नाही तो माणूस विरळाच. मात्र २०२३ साली फिनिक्समध्ये ३० जून ते ३० जुलै असे सलग ३१ दिवस दुपारचा पारा ११० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या, खाली थांबलाच नाही, आणि त्या वर्षी फिनिक्स जिच्यात येते त्या एकट्या मॅरिकोपा काउंटीत उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यूंची नोंद झाली. पुढच्याच वर्षी सलग ११३ दिवस तापमान दररोज १०० अंशांवर गेले. नागपूर-चंद्रपूरच्या मंडळींना वाटते की आपण ऊन कोळून प्यायलो आहोत; परंतु तिथे जूनच्या मध्याला पाऊस येऊन सुटका करतो, तर इथला पावसाळा जेमतेम चार सरी, भरपूर वीज आणि आकाशाला भिडणारी धुळीची भिंत एवढ्यावरच आटोपतो आणि उकाडा सप्टेंबर संपेपर्यंत हटत नाही.

उन्हाळ्यात खेळता येत नाही असे नाही. जूनमध्ये सूर्य पाच-वीसच्या सुमारास उगवतो; साडेपाचची वेळ घ्यायची, कार्टमध्ये, म्हणजे कोर्सवर फिरायच्या छोट्या गाडीत, बर्फाची पेटी आणि मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी ठेवायचे आणि साडेनऊला घरी परतायचे. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांनी तर हा दिनक्रम आधी डॉक्टरांपुढे मांडावा. हिशेबाच्या दृष्टीने लक्षात घ्यायचे ते हे, की वाळवंटातला स्वस्त गोल्फ म्हणजे उन्हाळ्यातला गोल्फ आणि उन्हाळ्यातला गोल्फ म्हणजे पहाटेचा गोल्फ. जुलैत जो कोर्स तीस-चाळीस डॉलरला खेळता येतो, तोच फेब्रुवारीत तिप्पट-चौपट दर लावतो, आणि नावाजलेल्या रिसॉर्टच्या कोर्सवर हंगामात तीनशे डॉलरच्या पुढचे आकडे ऐकू येतात. ज्याला पहाटे उठणे जमत नाही, त्याने आपल्या अंदाजपत्रकात उन्हाळ्याचा दर धरू नये.

माझा सल्ला ऐकून लोक नाराज होतात, तरीही मी तो देतो. घर घेण्याआधी एक संपूर्ण ऑगस्ट इथे भाड्याने राहून काढावा. हिवाळ्यापुरती येणारी मंडळी, ज्यांना इथे स्नोबर्ड म्हणतात, ती तेव्हा निघून गेलेली असतात, त्यामुळे सामानसुमानासह घर बऱ्याच उतरलेल्या भाड्यात मिळते. महिनाअखेरीस विजेचे बिल हातात घ्यावे आणि मग बोलावे. ऑगस्ट सोसला नाही तर टूसॉनचा विचार करावा. ते फिनिक्सपेक्षा सुमारे तेराशे फूट उंचावर असल्यामुळे काही अंशांनी थंड राहते, आणि तिथले महापालिकेचे कोर्स खिशाला परवडतात. प्रेस्कॉट त्याहूनही उंच, पाच हजार फुटांच्या वर आहे. मात्र तिथे हिवाळ्यात बर्फ पडतो.

फेअरवेच्या उजव्या हाताचे घर

ही माझी सर्वांत लाडकी तक्रार आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. माझ्या ओळखीच्या एका मराठी जोडप्याने फेब्रुवारीच्या एका सहलीत, तीन दिवसांत अकरा घरे पाहून, चौथ्या होलच्या फेअरवेला, म्हणजे होलकडे जाणाऱ्या कापीव गवताच्या पट्ट्याला, लागून असलेले घर घेतले. मागच्या पॅटिओतून हिरवळ, तळे आणि पलीकडे डोंगर दिसत होता, आणि त्या देखाव्यासाठी त्यांनी शेजारच्या गल्लीतल्या तशाच घरापेक्षा बरीच जास्त किंमत मोजली. मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तो एप्रिलमधला शनिवार होता. वहिनींनी पॅटिओवरच्या टेबलावर पोह्यांच्या बशा आणून ठेवल्या, आम्ही खुर्च्या ओढल्या आणि त्याच क्षणी छपराच्या कौलावर टण् असा आवाज झाला. चेंडू कौलावरून उसळून भिंतीवर आदळला आणि घरंगळत येऊन वहिनींच्या पायाशी थांबला. त्या शांतपणे आत गेल्या आणि परत येऊन त्यांनी तो चेंडू एका बादलीत टाकला. ती बादली निम्म्याहून अधिक भरलेली होती.

कारण अगदी साधे होते. जगातले बहुसंख्य गोल्फर उजव्या हाताने खेळतात, आणि त्यांतल्या नवशिक्यांचा फटका उजवीकडे वळत जातो, ज्याला स्लाइस म्हणतात. टीपासून, म्हणजे पहिला फटका मारतात त्या जागेपासून, साधारण १८० ते २३० यार्डांवर फेअरवेच्या उजव्या बाजूला जे घर असते, ते अशा फटक्यांसाठी लावलेले जाळेच समजावे. या दोघांचे घर दोनशे यार्डांवर होते. चौदा महिन्यांत पाच काचा गेल्या. भरपाई मागायला गेले तेव्हा त्यांना स्वतःच सही केलेला वसाहतीचा करारनामा दाखवण्यात आला. फेअरवेलगतच्या घरमालकाने चेंडूंचा धोका पत्करलेला आहे असे त्यात स्पष्ट लिहिलेले होते, आणि अशा बहुतेक वसाहतींच्या करारनाम्यांत ते लिहिलेले असते. जाळी लावायची परवानगी मागितली तर देखाव्याला बाध येतो म्हणून ती नाकारली गेली. शिवाय पॅटिओ पश्चिमेकडे तोंड करून होता. जुलैच्या दुपारी तीन ते सात ऊन थेट काचेच्या दारावर येते, आणि वीज कंपन्यांच्या वेळेनुसार आकारणीच्या योजनांत नेमका हाच दुपार-संध्याकाळचा काळ सर्वांत महाग असतो. पहाटे पाचला गवत कापायच्या यंत्राचा आवाज सुरू होतो तो वेगळाच. दोन वर्षांनी घर विकले. किती तोटा झाला ते त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

यावर माझा उपाय शास्त्रीय नाही, सवयीचा आहे. घर आवडले की मी लोकांना घडीची खुर्ची घेऊन शनिवारी सकाळी नऊ वाजता त्या होलच्या टीजवळ नेतो आणि चार-चार जणांचे दहा गट खेळून जाईपर्यंत बसवून ठेवतो. किती चेंडू कुंपणापलीकडे गेले ते बोटांवर मोजायला सांगतो. त्यानंतर घराच्या भिंतीजवळ जाऊन गिलाव्यावर वाटाण्याएवढ्या ते लिंबाएवढ्या खोलगट खुणा दिसतात का ते पाहायचे, आणि जुन्या फिकट कौलांमध्ये एखाददुसरे ताज्या रंगाचे कौल बसवलेले आहे का ते शोधायचे. दलाल सांगत नाही ते छप्पर सांगते. या सगळ्याला तीन तास लागतात, आणि मला थक्क करणारी गोष्ट ही, की चार लाख डॉलरचा व्यवहार करणारी माणसे या तीन तासांना वेळेचा अपव्यय म्हणतात.

दुसरेही एक ध्यानात ठेवावे. देखाव्याचे पैसे तुम्ही देता, पण फेअरवे तुमच्या मालकीचा होत नाही. फिनिक्सच्या दक्षिणेकडच्या आवाटुकी भागातला लेक्स हा कोर्स २०१३ साली मालकाने बंद केला, तिथे घरे बांधण्याच्या योजना पुढे आल्या, आणि हिरवळीच्या जागी वाळलेले रान पाहत रहिवाशांना वर्षानुवर्षे कोर्टकचेरी करावी लागली. निकाल अखेर त्यांच्या बाजूने लागला आणि कोर्स पुन्हा उभारण्याचा आदेश झाला, कारण करारनाम्यात त्या जमिनीवर गोल्फ कोर्सच राहील अशी अट होती. म्हणून करारनामा मागवा, ती अट आहे का ते वाचा आणि घरमालक संघाच्या गंगाजळीत किती शिल्लक आहे याचा ताजा अहवालही सोबत मागा. गंगाजळी रिकामी असेल तर छपरांचा किंवा तरणतलावाचा खर्च एक दिवस एकरकमी वर्गणी म्हणून तुमच्या दारात येतो.

ऑक्टोबरात क्लब (गोल्फच्या काठ्या) घेऊन येणारे

दरवर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कोणीतरी मिनेसोटातून ट्रक रिकामा करून, उत्साहाने कोर्सवर येऊन बंद फाटकापुढे उभे राहते. याचे कारण गवतात आहे. उन्हाळ्यात इथे बर्म्युडा गवत वाढते, पण रात्री थंड होऊ लागल्या की ते सुप्त होऊन गव्हाच्या काडासारखे पिवळे पडते. पाहुण्यांना फेब्रुवारीत पाचूसारखी हिरवळ दिसावी म्हणून सप्टेंबरअखेर बर्म्युडा अगदी खरवडून काढतात, त्यावर राय गवताचे बी पेरतात आणि दिवसातून अनेकदा पाणी देतात. या कामासाठी कोर्स दोन-तीन आठवडे बंद असतो, आणि उघडल्यानंतरही काही आठवडे कार्ट फक्त पक्क्या वाटेवरूनच न्यावी लागते. गुडघे दुखणाऱ्यांसाठी त्याचा अर्थ असा, की वाटेपासून चेंडूपर्यंत आणि परत अशी प्रत्येक फटक्याला पायपीट करावी लागते.

सगळे कोर्स एकाच आठवड्यात बंद होत नाहीत. मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ऑगस्टमध्येच आठ कोर्सच्या तारखा लिहून ठेवतो; दोन फोन रोज केले तरी चार दिवसांत काम होते. काही स्वस्त कोर्स खर्च वाचवण्यासाठी राय पेरतच नाहीत. तिथले फेअरवे हिवाळ्यात तपकिरी दिसतात, नवे लोक नाक मुरडतात, आणि आम्ही जुने लोक आनंदाने तिथे जातो, कारण सुप्त बर्म्युडावर चेंडू टप्पा पडल्यावर वीस-तीस यार्ड पळतो आणि दरही कमी असतो.

वार्षिक पासाबद्दल एवढेच सांगतो, की त्याची किंमत बंद असलेल्या आठवड्यांसह मोजली जाते. तुम्ही वर्षाला दीडशे फेऱ्या खेळाल असे मनाशी ठरवणे सोपे आहे. पहिल्या वर्षी पास न घेता प्रत्येक फेरीचे पैसे एका वहीत लिहावेत आणि वर्षअखेर बेरीज करावी. माझी पहिल्या वर्षाची संख्या एकसष्ट निघाली होती.

कार्टच्या बॅटरीत नळाचे पाणी

ही चूक माझी स्वतःची आहे. सन सिटीसारख्या निवृत्तांच्या वसाहतींत गोल्फ कार्ट म्हणजे दुसरी गाडीच असते. वेगमर्यादा ताशी ३५ मैल किंवा त्याहून कमी असलेल्या रस्त्यांवर नंबरप्लेट आणि विमा घेऊन ती चालवता येते, आणि एक मोटार कमी ठेवल्याने खर्च खरोखरच वाचतो. मी आल्या आल्या, कोणाला न विचारता, ४८ व्होल्टची एक वापरलेली कार्ट स्वस्तात मिळाली म्हणून घेतली. तिच्यात आठ व्होल्टच्या सहा शिसे-आम्ल बॅटऱ्या होत्या. नाशिकच्या घरी वडील इन्व्हर्टरच्या बॅटरीत शुद्ध पाणी कसे काळजीपूर्वक ओतत ते लहानपणापासून पाहिलेले असूनही मी नळाचे पाणी एका मगात घेतले, सगळी झाकणे उघडली, काठोकाठ भरले आणि मग चार्जर लावला. चार्ज होताना द्रव फुगतो आणि बुडबुडे येतात, ही गोष्ट शाळेत शिकलेली इंजिनिअर माणसेही कशी विसरतात, याचा पुरावा म्हणून माझ्या गॅरेजच्या काँक्रीटवर आम्लाने खाल्लेला पांढरट डाग आजही आहे.

त्यानंतर जूनमध्ये मी आईला भेटायला तीन महिन्यांसाठी नाशिकला गेलो. परत आलो तेव्हा बंद गॅरेजच्या भट्टीत बॅटऱ्यांतले पाणी उडून प्लेट उघड्या पडल्या होत्या, आणि नळाच्या पाण्यातल्या क्षारांनी उरलेले काम पूर्ण केले होते. फिनिक्सचे पाणी इतके जड आहे की चहाच्या किटलीतही महिन्याभरात पांढरा थर बसतो. सहा नव्या बॅटऱ्यांना सुमारे बाराशे डॉलर पडले, म्हणजे स्वस्तात घेतलेली कार्ट महागात पडली.

आता माझी पद्धत ठरलेली आहे. दर पंधरा दिवसांनी, उन्हाळ्यात दर आठवड्याला, चार्जिंग पूर्ण झाल्यानंतर चष्मा घालून मी झाकणे उघडतो, टॉर्च मारून प्रत्येक कप्प्यात पाहतो आणि प्लेटच्या वर साधारण अर्धा इंच येईल इतकेच डिस्टिल्ड पाणी घालतो. प्लेट उघडी दिसली तर मात्र चार्ज करण्याआधी ती जेमतेम बुडेल एवढे पाणी आधी घालावे लागते. टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड आली की खाण्याच्या सोड्याचे पाणी आणि जुना टूथब्रश पुरेसा असतो. गावाला जाताना कार्ट शेजाऱ्याच्या हवाली करतो आणि परत येताना त्याच्यासाठी चिवडा आणतो. वापरलेली कार्ट घ्यायची असेल, तर सीट उचलून बॅटरीवर कोरलेली तारीख वाचावी. रंग आणि चाके नंतर पाहावीत. लिथियमच्या बॅटरीत पाणी घालावे लागत नाही हे खरे, पण ऊन तिलाही मानवत नाही.

थोडक्यात सांगण्यासारख्या चुका

पासष्टीनंतर नोकरी सोडताना कोब्राचा विमा, म्हणजे नोकरी सुटल्यावर स्वखर्चाने चालू ठेवलेला कंपनीचा विमा, आहे म्हणून मेडिकेअर या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याचा भाग ब (डॉक्टरांच्या उपचारांचा) लांबणीवर टाकू नये. चालू नोकरीतले विमा संरक्षण आणि कोब्रा यांत मेडिकेअर फरक करते, आणि उशिराच्या दर पूर्ण बारा महिन्यांमागे १० टक्के दंड जन्मभर हप्त्यात चिकटतो. पासष्टीच्या आधी निवृत्त होणाऱ्यांनी तर गोल्फच्या खर्चाआधी विम्याचा आकडा लिहावा. तो सहसा गोल्फपेक्षा मोठा असतो.

मेसा आणि अपाचे जंक्शनकडच्या वसाहतींत लहान तयार घर फारच स्वस्त मिळते, कारण खालची जमीन भाड्याची असते. भाडे दरवर्षी वाढू शकते, आणि ते घर उचलून दुसरीकडे नेणे बोलण्याइतके सोपे नसते. मागील पाच वर्षांत भाडे किती वाढले ते लेखी मागावे.

सन सिटी १ जानेवारी १९६० रोजी सुरू झाली, म्हणजे तिथली घरे स्वस्त असण्यामागे त्यांचे वयही आहे; छप्पर, नळ आणि वातानुकूलन यंत्र किती जुने आहे ते विचारावे. घर घेताना मनोरंजन केंद्रांसाठी काही हजार डॉलरचे एकरकमी शुल्कही द्यावे लागते. ५५ वर्षांवरील लोकांच्या वसाहतींत नातवंडे ठरावीक दिवसांपुरतीच राहू शकतात, हा नियम वाचल्याशिवाय सही करू नये.

पुण्यातल्या फ्लॅटचे भाडे जमा होते ते खाते आणि भारतातली इतर खाती मिळून शिल्लक वर्षात कधीही दहा हजार डॉलरवर गेली, तर अमेरिकी सरकारला त्याची माहिती द्यावी लागते, आणि भारतीय म्युच्युअल फंडांवरचा अमेरिकी कर फार त्रासदायक असतो. या विषयातला कर सल्लागार निवृत्तीच्या आधी गाठावा.

खेळ शिकण्याआधी दोन हजार डॉलरचा क्लबांचा संच घेणाऱ्यांना मी काही सांगत नाही. त्यांचे जुने संच मी दरवर्षी मे महिन्यात गॅरेज सेलमध्ये शंभराला पाहतो. अशा लोकांनी आधी सहा महिने लहान होलांच्या पार-३ कोर्सवर काढले असते, तर आधी सांगितलेल्या वहिनींची बादली निम्मीच भरली असती.

कोरडा खोकला आणि थकवा तीन-चार आठवडे हटला नाही, तर डॉक्टरांना व्हॅली फीव्हरची चाचणी करायला सांगावे. इथल्या मातीतल्या बुरशीमुळे तो होतो, आणि उन्हाळ्यात मुलाकडे दुसऱ्या राज्यात गेलात तर तिथल्या डॉक्टरांना तो आपणहून सुचेलच असे नाही.

शेवटची चूक चेंडूच्या लोभाची. गवताबाहेर वाळवंटात गेलेला चार डॉलरचा चेंडू काढायला झुडपाखाली हात घालू नये. मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत तिथे रॅटलस्नेक सावलीला पडलेला असू शकतो. आणि चोया नावाच्या निवडुंगाजवळून जाताना त्याचा काटेरी गोळा पोटरीला चिकटला, तर तो बोटांनी ओढू नये, नाहीतर तो बोटांत अडकतो. साधा कंगवा काटे आणि कातडी यांच्यामध्ये सरकवून, गोळा एका झटक्यात दूर उडवायचा आणि उडेल त्या दिशेला कोणी उभे नाही ना ते आधी पाहायचे. माझ्या कार्टमध्ये असे दोन कंगवे असतात.